निसारचा फोन

माझ्या धाकट्या भावासारखं, उन्मेषसारखं डोकं अख्ख्या उद्यमनगरात न्हाय. त्याला शिकवला कुणी? मी! आठवीतनं शाळा सोडून लेथवर गेलो, म्हणून त्यो कॉम्प्युटरवर बसला.

त्यानं नदीची पातळी सांगणारा प्रोग्राम लिवला. फुकट, सगळ्यांस्नी खुला. दुसऱ्या फोननं, कॉम्प्युटरनं पातळी इचारायच्या त्यात वाटा असत्यात. शिरोळच्या निसारनं, त्याच्या दोस्तानं, एक वाट धरून आपला फोन जोडला. पाणी चढलं की फोन वाजायचा.

एका उन्हाळ्यात उन्मेषनं साफसफाई करताना तीच वाट बंद केली. त्याच्या लेखी ती आतली, फक्त आपल्या कामापुरती. पण आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं, कुणी लिवलंच नव्हतं. महापूर आला. फोन गप्प. पाणी लांब हाय समजून निसार फोन घरातच ठिवून म्हशी सोडायला गेला. म्हशी पोहून आल्या. त्यो न्हाय आला.

आता दोन वर्षं झाली. तरी उन्मेषच्या स्क्रीनवर दर दहा मिनिटाला एक ओळ येती. ती बंद वाट कोण तरी मागतंय.

"कोण हाय रं?"

"निसारचा फोन, दादा. त्याच्या घरच्या रशिदाभाभी अजून चार्ज करत्यात."

मी कुणाच्या बापाला भीत न्हाय, पण अंगावर काटा आला.

प्रोग्रामवर काम करणारी पोरं मागं लागलेली, कुठल्या वाटा कधीच बदलणार न्हाईत त्याची पक्की यादी काढा म्हणून. एपीआय म्हणत्यात तिला. उन्मेषचं ह्या एका वाटंवर अडलं.

"ती परत चालू करून यादीत घेतली की पाणी चढल्यावर फोन वाजंल, दादा. मग भाभी इचारतील, तवा का न्हाय वाजला?"

"सांगितलं न्हाईस अजून?"

त्यानं लॅपटॉप मिटला.

मी बनवतो त्या पंपाचं झाकण त्याच्या म्होरं आपटलं. "आतला पंखा मी धा येळा बदलला. ही चार भोकं तीस वर्षांत हलवली काय? गिऱ्हाईकाचा पाईप बसलाच पायजे. मग गिऱ्हाईक जितं असू दे, न्हाईतर मेलेलं."

त्यानं ती वाट यादीत पयली घातली.

जुलैत पाणी चढलं. रशिदाभाभीचा फोन आला.

"उन्मेषभाऊ, ह्यांचा फोन वाजतोय. निघू काय?"

"निघा भाभी, आत्ताच. जयसिंगपुरात थांबा, मी येतोय. तुमास्नी एक सांगायचं हाय."

गाडी मीच चालवली. शेजारी उन्मेषच्या मांडीवर लॅपटॉप. ओळ येतच हुती, दर दहा मिनिटाला. आता तिला उत्तर जात हुतं.