पायांवरचं न्हाणं

बहात्तरच्या दुष्काळात सरजाबाईनं सरकारी कामावर खडी फोडली. एके दिवशी पाटी उचलताना कंबरेत कळ आली आणि ती जागीच बसली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. सरजाबाईची मुंगी दहा वर्षं झाली तरी जागची हलली नव्हती.

दरम्यान दुष्काळ सरला, लातूर नवा जिल्हा झाला, नवरा रामकिशन नव्या कचेरीत शिपाई लागला आणि बिऱ्हाड शहरात आलं. कंबरही आली. लेप झाले, शेक झाले, दोनदा कंबरेचे एक्स-रे फोटो काढले. फोटोत काही सापडेना, तेव्हा शेजारणींनीच निदान करून टाकलं: काम नको म्हणून सोंग. हे ऐकून सरजाबाईच्या जिवाचा संताप व्हायचा. रामकिशन मात्र भला माणूस. घागरी तोच भरायचा आणि भाकरीही तोच थापायचा, भारताच्या नकाशासारखी.

त्या वर्षी बिलोलीला दिलेल्या लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण विहीणबाईंचा निरोप आला, "तुमची कंबर धड न्हाई. लेकराला पायावर घेऊन न्हाऊ कोण घालील? पोरगी इथंच राहू द्या." सरजाबाई दिवसभर जेवली नाही. आई जिवंत असून लेकीला घरी आणता येत नाही, ही लाज तिला कंबरेपेक्षा जास्त दुखली.

सरकारी दवाखान्यात शिवमूर्ती नावाचे डॉक्टर नवेच आले होते. त्यांनी तपासलं आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं, "मावशी, बऱ्या झालात तर काय करायचं हाय?"

"नातवंडाला पायावर न्हाऊ घालायचंय."

"तुमचं दुखणं खरं हाय," डॉक्टर म्हणाले, तशी ती रडायलाच लागली. "पण आतली जखम कवाच भरली. गावात एकदा चोरी झाली की राखणीला बसलेला जागल्या मांजर हललं तरी वरडतो. तुमच्या मेंदूचं तसं होऊन राहिलंय. चोर न्हाई, हे त्याला हळूहळू पटवायचं."

औषधाऐवजी हुकूम मिळाला. पाटावर पाय पसरून, भिंतीला न टेकता बसायचं आणि वीस मोजून उठायचं. दर चार दिवसांनी दहा वाढवायचे. दुखलं म्हणून आधी उठायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून जास्त बसायचं नाही. रामकिशनला वेगळा हुकूम: अर्धी घागर तिला भरू द्या, आणि सारखं तिच्या तोंडाकडं बघू नका.

पंधरवडा उलटला आणि एका सकाळी कंबर गप्प होती. झालं! सरजाबाईनं घर झाडलं, सारवलं, वर दोन गोधड्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी कुशीवर वळता येईना. "मोडली गं बाई," म्हणून तिनं हंबरडा फोडला. रामकिशननं तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टर रागावले नाहीत. "मोडलं काही न्हाई. जागल्या बिथरला. आजची पाळी किती?"

"तीन विसा."

"मग तीनच."

घरी येऊन तिनं दातओठ खात साठपर्यंत, तीनही विसा मोजल्या. हुकमाप्रमाणे रामकिशन दाराकडं तोंड करून उभा होता. आकडे मात्र तोही तिच्याबरोबर मोजत होता.

लेकीच्या सातव्या महिन्यात सरजाबाई स्वतः एसटीनं बिलोलीला गेली. उदगीरला उतरून तिनं कंबर मोकळी केली आणि पुढची गाडी धरली. तिला दारात उभी बघून विहीणबाईंनी लेकीला तिच्यासोबत लातूरला धाडलं.

नात झाली. बाराव्या दिवशी सुईणीची न्हाऊ घालायची पाळी संपली, तशी सरजाबाई पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाय पसरले आणि नातीला पायांवर पालथं घातलं. तेल लावलं, डाळीचं पीठ चोळलं. पाठीवर ऊन पाणी पडलं तशी पोर हुंकारली. निम्म्यातच कंबर ठणकायला लागली. ते तोंडावर दिसलं असावं, कारण बाजेवरून लेक म्हणाली, "आई, दुखून राहिलंय का? ठेव, सुईणीलाच बोलावू."

"हाव, दुखून राहिलंय," सरजाबाई म्हणाली. "तू पड गप. लेकराचं पाणी निवून राहिलंय."