गळतीवाली

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘गळतीवाली’ म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या पडद्याला पारपटल म्हणतात. प्रयोगशाळेत अशी कृत्रिम पारपटलं बनत. नखाएवढी, पाण्यासारखी नितळ. एकेक पारपटल स्टीलच्या कड्यात आवळायचं, मागून पाण्याचा दाब द्यायचा आणि भिंगातून ओल शोधायची, हे तिचं काम. एका खेपेत बारा; त्यातलं एक जरी पाझरलं, तरी अख्खी खेप त्याच दिवशी नष्ट करायची. या बाबतीत ती साहेबांच्या बापाचंही ऐकत नसे.

तिचा नवरा प्लंबर. तुंबलेली मोरी साफ करताना अ‍ॅसिड उडालं आणि दोन्ही डोळे पांढरे पडले. नेत्रदात्याचं पारपटल दोनदा बसवलं. दोन्ही वेळा टिकलं नाही. आता दोघांचा सगळा जीव प्रयोगशाळेतल्या या खेपेत अडकला होता, कारण रुग्णांवरच्या चाचणीच्या यादीत तो पहिला होता.

“दिसायला लागलं की आधी तुझं तोंड बघणार,” तो म्हणायचा. “मग ठरवू, डोळे पुन्हा मिटायचे की काय ते.”

अकरावं पारपटल कडेला पाझरलं. केसाएवढी ओल. साहेबांना तर ती दिसलीसुद्धा नाही. ती बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली. मग तिने नापासचा शिक्का मारला आणि बाराही पारपटलं स्वतःच्या हाताने चुरडली. घरी सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “गळका माल मीही कधी बसवला नाही.”

नवी खेप यायला आठ महिने लागले. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांतला दाब वाढला आणि आतली नस सुकली. आता पुढे काहीही बसवलं तरी दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

नव्या खेपेतलं तिसरं पारपटल तसंच पाझरलं. तिने कडं उघडून आतलं रबरी वॉशर नखाने उचललं. मागच्या खेपेलाही तेच होतं, आणि ते एका बाजूला झिजलं होतं. आवळताना जरा सरकलं, की तिथून पाणी येई. तिने नवं वॉशर घातलं. बाराच्या बारा पास झाली.

लपवता आलं असतं. पण घरी जाऊन तिने त्याला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आवरेना.

त्याने चाचपडत तिचा हात शोधला.

“चूक माझी,” तो म्हणाला. “जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले. गळलं की आधी वॉशर बघायचं, हे तुलाच सांगायचं राहून गेलं बघ.”