टिचकी मारल्यावर हलणारा काटा

धुळ्यातल्या एका तंत्रनिकेतनाची विजेची प्रयोगशाळा मी एका वाक्यात बंद पाडली. वाक्य चार शब्दांचं होतं. "आता काही गरज नाही." ते म्हणताना मी खुर्चीत मागे रेललो होतो आणि पायात नुसते मोजे होते, कारण कॉम्प्युटरच्या खोलीत बूट बाहेर काढून जायचा नियम होता. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. अशा अवतारात माणसाने कुणाच्या पोटावर पाय देऊ नये, पण मी दिला.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. कॉलेज विनाअनुदानित, गावाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. मी विजेचा अधिव्याख्याता होतो, म्हणजे वीज फळ्यावर काढून दाखवायचो. खऱ्या वायरीशी माझं जमत नव्हतं. रुजू झालो त्या पहिल्याच प्रात्यक्षिकात मी तीन फ्यूज उडवले आणि चौथ्याच्या वेळी लॅब अटेंडंटने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर अलगद काढून घेतला. "सर, तुम्ही सांगा, मी जोडतो," असं तो म्हणाला. पुढची चार वर्षं मी सांगत राहिलो आणि तो जोडत राहिला.

त्याला सगळे नाना म्हणत. पन्नाशीला आलेला, अंगाने किडकिडीत. प्रयोगशाळेतली सहा टेबलं, त्यांवरचे ऱ्हिओस्टॅट, चोक, बल्बच्या रांगा, सगळ्या मीटरांचे स्वभाव त्याला तोंडपाठ होते. अकरा वर्षं तो तात्पुरता होता. दर जूनमध्ये नवी ऑर्डर हातात पडायची, तेव्हा कुठे त्याचं वर्ष सुरू व्हायचं. पण त्या साली त्याला कायम करायचा प्रस्ताव संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर गेला होता. "औंदा व्हई जाई सर," असं तो मला दिवसाआड सांगायचा.

आणि त्याच साली मला कॉम्प्युटर सापडला.

कॉलेजात बरा म्हणावा असा तो एकच होता. मला त्याचा लळा लागला याचं कारण सरळ होतं: त्याच्यात कितीही चुकीची जोडणी केली तरी धूर निघत नव्हता. मी ठरवलं, आपल्या प्रयोगशाळेतली सगळी सर्किटं याच्यात भरायची. नुसतं उत्तर काढणारा प्रोग्राम मला नको होता. इकडे कळ दाबून रेझिस्टन्स वाढवला की तिकडे पडद्यावरच्या अ‍ॅमीटरचा काटा त्याच क्षणी खाली आला पाहिजे, घड्याळाच्या बरोबरीने. सुरुवातीला माझा रेझिस्टन्स सोमवारी वाढायचा आणि काटा मंगळवारी हलायचा. मग मी साइनची कोष्टकं आधीच काढून ठेवली, पुन्हापुन्हा होणारे भागाकार गाळले, आणि दोन महिन्यांनी काटा माझ्या बोटाबरोबर हलायला लागला. मला वाटलं, झालं काम.

कौतुक करून घ्यायला मी नानाला बोलावलं. त्याने दाराशी चपला काढल्या, रुमालाने तळपाय पुसले आणि पडद्यापुढे उकिडवा बसला. बराच वेळ बघून म्हणाला, "सर, हा काटा आपला नई."

"म्हणजे?"

"आपला काटा असा शहाण्यासारखा जाईसनी बसस का? पहिले पुढे जास, मंग लाजस, मंग मागे येस. आनि तीन नंबरचं मीटर तर टिचकी मारल्याबिगर जागचं उठत नई."

मी वही काढली. त्यानंतर महिनाभर रोज दुपारी नाना सांगायचा आणि मी लिहून घ्यायचो. काटा किती पुढे जातो, किती वेळ थरथरतो. पाच नंबरच्या ऱ्हिओस्टॅटची सरकती मूठ मधेच कुठे अडते. डी.सी. मीटरला वायरी उलट लागल्या तर काटा डावीकडे जाऊन कसा खिळ्यावर आपटतो, आणि वायरी अदलाबदल करायला पडद्यावरही एक कळ का हवी. तीन नंबरच्या मीटरासाठी मी टिचकीची कळ ठेवली. चोकची घरघर कॉम्प्युटरच्या पिचक्या स्पीकरमधून काढायची होती, तेव्हा नाना तोंडाने "हूंऽऽ" असा सूर धरून बसायचा आणि मी आकडा बदलत जायचो. "अजून जरा खाले... बस, बस! आता चोकना आवाज उना." बाहेरून जाणाऱ्या पोरांना वाटायचं, सर भजन शिकताहेत.

एका माणसाचं अकरा वर्षांचं शहाणपण मी एका फ्लॉपीत भरून घेत होतो, आणि ते भरून देताना त्याला आनंद होत होता. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त काटा दिसत होता.

अध्यक्षांना प्रोग्राम दाखवायचा दिवस ठरला. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. "आबांना तुमचं नाव सांगतो, नाना. हे निम्मं काम तुमचं आहे," असं मी म्हणालो, तर नाना त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आला. आबा आले, बूट काढून बसले आणि लगेच त्यांनी नानाला चहा सांगायला पिटाळलं. नाना गेला. मी प्रोग्राम सुरू केला. टिचकीची कळ दाबल्यावर अडकलेला काटा उठला तसे आबा खुर्चीत पुढे सरकले.

"हे बेटं कसं सुचलं तुम्हाला?"

"निरीक्षण, आबा," मी म्हणालो.

नानाचं नाव माझ्या ओठाशी आलं होतं असंही म्हणायची सोय नाही. आलंच नव्हतं. मग आबांनी विचारलं, "हे सगळं याच्यात होतं, तर मग त्या पलीकडच्या खोलीचं काम काय?" आणि मी ते चार शब्द बोललो. तेवढ्यात चहा आला. नानाने ट्रे खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी 'झालं' अशा अर्थाने मान हलवली. त्याला वाटलं, नाव सांगून झालं.

आठवड्याभरात कळलं की त्या खोलीत आणखी कॉम्प्युटर येणार, टेबलं भंगारात जाणार आणि लॅब अटेंडंटची जागाच राहणार नाही. प्रस्ताव परत आला होता. जूनची ऑर्डरही निघणार नव्हती.

मी तीनदा आबांच्या ऑफिसात गेलो. जाताना वाक्य घोकून जायचो: आबा, मी चुकीचं बोललो, पोरांच्या हाताला खरी वायर लागलीच पाहिजे, आणि हे सगळं नानाने सांगितलंय. पहिल्यांदा मी खडूंच्या खोक्यांबद्दल बोलून परत आलो. दुसऱ्यांदा पंख्याच्या आवाजाबद्दल. तिसऱ्यांदा आबांनी स्वतःच विचारलं, "काही म्हणायचंय का मास्तर?" आणि मी नशिराबादला घरी जायला शनिवारची अर्धी रजा मागितली. ती मिळाली.

मग मला एक युक्ती सुचली. मला युक्ती सुचली की जवळच्यांनी सावध व्हावं. संचालक मंडळाची माणसं प्रोग्राम बघायला येणार होती. आदल्या दिवशी मी प्रोग्राममधलं एक अधिक चिन्ह वजा केलं. आता डी.सी. सर्किटचं बटण दाबलं की काटा उलटा जाऊन आपटणार, मंडळाचा विश्वास उडणार आणि खोली वाचणार. आबांपुढे तोंड उघडायची वेळही येणार नव्हती.

मंडळी आली. नाना दाराशी त्यांचे बूट ओळीने लावत होता. मी बटण दाबलं. काटा डावीकडे गेला आणि आपटला. आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मास्तर, हे काय?"

मी शक्य तेवढा पडेल चेहरा केला. "काय करणार आबा, शेवटी यंत्र आहे. भरवसा देता येत नाही."

"भरवसा कसा नई?" दारातून आवाज आला. हातातला बूट तसाच घेऊन नाना आत आला. "माफ करा आबा, पन कॉम्प्युटर बरोबर शे. जोडनी उलटी व्हयेल शे. खऱ्या मीटरवर बी असंच व्हस." आणि मी काही बोलायच्या आत त्याने अदलाबदलीची कळ दाबली. काटा उजवीकडे गेला, जरा पुढे सरकला, लाजला, मागे आला आणि दोन अँपिअरवर बसला.

मंडळाने टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले, "बघा, चूकसुद्धा अस्सल दाखवतं!" बाहेर जाताना नानाने मला हळूच डोळा घातला. मला वाचवलं होतं त्याने.

टेबलं त्यानेच उकलली. प्रत्येक मीटर वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने वर नंबर लिहिला. भंगारवाल्याने ते सगळे एकाच पोत्यात ओतले. काचा फुटल्याचा आवाज मी वर्गात फळ्याकडे तोंड करून ऐकला. त्यानंतर माझ्या हाताखालून मुलांच्या किती तुकड्या गेल्या, त्यांतल्या कुणाला मी खरी वायर सोलायला लावली नाही. मला तरी कुठे सोलता येत होती?

पुढच्या हिवाळ्यात कळलं की नाना जळगावला मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानात कामाला लागलाय. मी गेलो. तो जमिनीवर बसून कॉइल गुंडाळत होता आणि ओठातल्या ओठात वेढे मोजत होता. वेढे मोजणारा माणूस मध्येच बोलत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी ती वेळ साधली. स्टुलावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. निरीक्षण, ते चार शब्द, खडू, पंखा, रजा, आणि शेवटी ते वजा चिन्ह. "मी तुमची खोली वाचवायला बघत होतो, नाना."

त्याचा हात थांबला नाही. एकशे एकेचाळीस, एकशे बेचाळीस. मला वाटलं, बरं झालं, ऐकू गेलं नसावं. वेढे संपले. त्याने तार तोडली, टोकाला गाठ मारली, कॉइल बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"आबाले दोन शब्द बोलाना व्हतात, सर," तो म्हणाला. "त्यानाकरता बी तुमले कॉम्प्युटर लागना?"