इस्त्रीवाल्या वहिनीची रजा

वहिनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाणी भरायचं, नवऱ्याचा आणि मुलीचा डबा करायचा आणि सहाच्या आत धुलाईखान्यात पोचायचं. तिथं इस्पितळाच्या चादरी धुवायला यायच्या. मी बॉयलरवर होतो, ती वाफेच्या इस्त्रीवर. इस्त्रीचं झाकण दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबावं लागे. हे काम सोपं म्हणणाऱ्यानं तासभर करून बघावं.

आमच्या पगारातून विम्याची कपात व्हायची, मालकही आपला वाटा भरायचा. वहिनीचा नवरा गवंड्याच्या हाताखाली रोजंदारीवर होता. त्याला कपात नाही आणि विमाही नाही. दर पगाराला तो टोमणा मारायचा, "हौदात ओतलास ना तांब्या? परत आलेला पाहिलास कधी?"

"तुमचे पुरे पैसे तरी घरापर्यंत कुठं येतात?" ती म्हणायची.

एकदा ओल्या फरशीवर ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरनं प्लास्टर घातलं, रजा लिहून दिली आणि बजावलं की हात हलवला तर हाड वाकडं जुळेल. वाकड्या मनगटानं इस्त्री दाबता येत नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सहाला ती हजर. घड्या घालणाऱ्या बायकांनीच तसं ठरवलं होतं. तिनं कोपऱ्यात बसून राहायचं, तिचं काम त्यांनी आपसांत उरकायचं, म्हणजे पगार बुडणार नाही. मुकादमानं काणाडोळा केला.

माया खरी होती, पण कामाच्या माणसाला नुसतं बसवत नाही. चादर घसरली की वहिनी प्लास्टरचा हात पुढं करायची. दोन-तीन दिवसांत बोटं सुजली.

मी विमा कचेरीत जाऊन विचारलं. कारकुनानं सांगितलं, हजेरी लागली त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही. ती घरी राहिली तर हात बरा होईपर्यंत पगाराचा बराचसा भाग मिळेल, उपचारही फुकट.

वहिनीला हे पटेना. या बायकांनी माझ्यासाठी कंबर मोडली, आणि मी घरी बसून आयतं खाऊ का, म्हणाली.

घड्यांवरची मावशी वयानं थोरली, जिभेनं तिखट. हातातली चादर न सोडता ती म्हणाली, "आयतं कसलं? कपात आमच्याही पगारातून होते. तुझा भार आम्ही तिथं एकदा उचललाय, इथं परत उचलायला लावू नकोस. घरी जा बाई."

वहिनी गेली. भत्ता पगाराएवढा नव्हता, आला तोही उशिरा, पण आला. मनगट सरळ जुळलं आणि ती पुन्हा इस्त्रीवर उभी राहिली.

त्या रजेत एकदा मी तिची खुशाली विचारायला गेलो होतो. सकाळचे आठ वाजून गेले होते. नवरा बादली भरून आत नेत होता. मला बघून त्यानं ती आवाज न करता खाली ठेवली.

"हळू बोला," तो म्हणाला, "झोपलीय अजून."