डॉ. इंगळे यांच्याविषयी, डुकरे न वगळता

डॉ. मानाजीराव इंगळे यांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथासाठी लेख मागताना आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी मला प्रेमाने सुचवले, "डॉक्टरांचे कार्य येऊ द्या, स्वभाव येऊ द्या; ते डुकरांचे मात्र जरा जपून." ज्या गृहस्थांनी सगळी नोकरी डुकरांमागे घालवली, त्यांच्या कार्यातून डुकरे काढली तर नाव आणि जन्मगाव एवढेच उरते. चिटणीसांनी रागावू नये. मी डुकरांसकट लिहिणार आहे.

राज्यपुनर्रचनेत आम्हा बेळगावकडच्या नोकरदारांची रवानगी म्हैसूर राज्यात झाली आणि पशुवैद्यकीय खात्यात मी बंगळूरला डॉक्टरांच्या हाताखाली रुजू झालो. त्यांनी माझ्या इस्त्रीच्या पांढऱ्या विजारीकडे पाहिले आणि विचारले, "कुलकर्णी, राहायचं कुठं?" धर्मशाळेत, असे मी म्हणालो. "सरी, ठीक आहे. सामान घेऊन आमच्या घरी या. जेवणाचं अक्का बघतील." अक्का म्हणजे त्यांच्या थोरल्या भगिनी. डुकरांतून आलेल्या भावाने परसात आंघोळ केल्याशिवाय त्या त्यांना उंबरा ओलांडू देत नसत. मी तिथे तीन महिने राहिलो. तेवढे दिवस त्या एरवी सामिष खाणाऱ्या मराठा घरात मटण शिजले नाही, हे मला स्वतःची खोली मिळाल्यावर कळले. विचारले तर डॉक्टर म्हणाले, "त्यात काय मोठं?" त्यांच्या या उत्तराने मी आजवर अनेकदा वैतागलो आहे.

यशवंतपूरच्या पलीकडच्या खेड्यांत तेव्हा काळी डुकरे मोकळी हिंडत. तळ्याच्या काठी, उकिरड्यावर, फावले तर उभ्या नाचणीत. शेतकरी काठ्या घेऊन धावत, शहरातले शिकलेले लोक नाकाला रुमाल लावत. डॉक्टर स्वतः मोकळ्या डुकरांच्या विरुद्ध होते. घाणीवर चरणाऱ्या डुकराच्या मांसातून माणसाला जंत होतात आणि ते मेंदूपर्यंत जातात, हे त्यांनी पाहिलेले होते. म्हणून योजना त्यांनीच लिहिली: खाते विलायती पांढरी डुकरे देईल, पक्का गोठा बांधून देईल. अट अशी की काळी विकून टाकायची आणि पांढरी कधीही बाहेर सोडायची नाहीत. सोडली तर खाते ती परत नेईल.

मुनियम्मा या विधवा बाईंचे पोट सहा काळ्या डुकरांवर चालत होते. डॉक्टरांच्या शब्दावर त्यांनी ती विकली आणि योजनेच्या कागदावर अंगठा उठवला.

आता गोठ्याचे सांगतो. नकाशा करणारे आमचे ओव्हरसियर माझ्यासारखेच सोवळे. डुकराजवळ जाऊन माप घेण्यापेक्षा त्यांनी कपाटातला गाईंच्या गोठ्याचा नकाशा काढला आणि त्यावर ‘वराहगृह’ असे लिहिले. तपासायचे काम माझे होते. मीही डुक्कर जवळून पाहिलेले नव्हते आणि पाहायची हौसही नव्हती. मी सही केली. गव्हाण गाईच्या गळ्याच्या उंचीवर, भिंतीत दावे बांधायच्या कड्या, खाली गुळगुळीत उतरती फरशी. डुकरांचे तोंड खाण्यापर्यंत पोचेना. मुनियम्मा खाणे जमिनीवर ओतू लागल्या, फरशी ओली राहू लागली, पिल्ले घसरून पडली, खोकू लागली, निम्मी मेली. शेवटी बाईंनी दार उघडले आणि मादीला उरलेल्या पिल्लांसह तळ्याकाठी सोडले. चार दिवसांत ती सगळी टवटवीत झाली. कोणीतरी कचेरीत चुगली केली आणि मी नियमाप्रमाणे नोटीस काढली: सोमवारी डुकरे परत नेली जातील.

नोटीस हातात धरून मुनियम्मा चालत कचेरीत आल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सांगितलं म्हणून काळी विकली. आता पांढरी नेताय. मी काय खाऊ, हा कागद?"

डॉक्टर मला घेऊन तसेच निघाले. गोठ्यात शिरले आणि खात्याच्या कोटासह चक्क हातापायांवर रांगत गव्हाणीकडे गेले. "या कुलकर्णी, स्वल्प गुडघे टेका." टेकले. गव्हाण डोक्याच्या वर होती.

"नकाशावर सही कुणाची?"

"माझी."

"आणि बाहेर सोडायचं नाही, ही अट माझी. दोघेही शहाणेच की!"

नोटीस रद्द करून थांबले असते तर ते डॉ. इंगळे कसले! त्यांनी वरिष्ठांना अकरा पानी अहवाल लिहिला. डुकरांना दिवसा कुंपणातले मोकळे रान हवे, रात्री कोरडा गोठा आणि जमिनीलगत कुंडी हवी. आणि गावाला आधी संडास द्यावेत, कारण जंतांचे मूळ डुकरात नाही, आपल्या उघड्यावर बसण्यात आहे. शेवटी लिहिले: अट आणि नकाशा, दोन्हींची जबाबदारी माझी. त्यांच्या बढतीची फाईल तेव्हा वर होती. मी अक्षरशः हात जोडले, "अण्णा, दोन महिने थांबा." ते म्हणाले, "तोवर ती डुकरं कुठं ठेवू? तुमच्या खोलीत?"

"निदान नकाशापुढे माझं नाव लिहा."

"तुमच्या घरात नुकता पाळणा हललाय. दोघांची नोकरी कशाला घालवायची?"

वरिष्ठ म्हणाले, इंगळे मोकाट डुकरांचे वकील झाले. अहवालाप्रमाणे कुंपण झाले, त्यात गायरान गेले म्हणून गावकरी म्हणाले, इंगळे डुकरांचे तुरुंगवाले. मुनियम्मांची डुकरे त्यांच्याकडेच राहिली, आजही आहेत. त्यांच्याच वंशातल्या दोन माद्या दिवसभर कुंपणात उकरत असतात आणि संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्यात येतात. डॉक्टरांना मात्र ‘सदोष बांधकामास जबाबदार’ असा शेरा मिळाला. बढती गेली, दूरच्या तालुक्याच्या दवाखान्यात बदली झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. त्यांची खुर्ची मला मिळाली. आजही मी तिच्यावरच बसतो.

या माणसाच्या हट्टाने मला किती वर्षे छळले आहे, हे मी त्यांच्या तोंडावर अनेकदा सांगितले. ते हसतात आणि चहा मागवतात. म्हणून या ग्रंथात, सर्वांसमक्ष लिहितो: तो गोठा माझ्या सहीने बांधला गेला, डॉक्टरांच्या नव्हे. चिटणीसांनी हवी तर डुकरे गाळावीत, हे वाक्य गाळू नये.

तो शेरा काढून माझ्या नावावर घालावा, असा अर्ज मी काल खात्यात दिला आहे. आमच्या खात्यात अशा अर्जाला फार वर्षे लागतात. तेवढी सगळी वर्षे डॉक्टरांना ठणठणीत लाभोत, आणि निकालाचा कागद त्यांना चष्म्याशिवाय वाचता येवो.