डुप्लिकेट चालत नाही

भीमराज सोनकांबळे यांनी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गेटवर अख्खी नोकरी काढली आणि पासाशिवाय कुणाला आत सोडलं नाही. एकदा खुद्द मालक कार्ड घरी विसरून आले. भीमराजांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पण टाइम ऑफिसातून तात्पुरता पास येईपर्यंत गेट काही उघडलं नाही. मालक स्वभावाने बरे होते म्हणून हसले. दुसरा कुणी असता तर भीमराज त्याच दिवशी घरी बसले असते.

त्यातही त्यांचा खास राग डुप्लिकेटवर. झेरॉक्स काढून लॅमिनेट केलेला पास कुणी पुढे केला की यांचं डोकं फिरायचं. एक माणूस, एक पास, डुप्लिकेट चालत नाही, हे वाक्य गेटवर इतकं घासून झालं होतं की रिटायर झाल्यावर ते घरात चालू राहिलं. चिखलीतल्या त्यांच्या घराच्या कुलपाला किल्ली एकच. दुसरी बनवून घ्या म्हणून कस्तुराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नाना परीने सांगून पाहिलं. पण किल्लीची डुप्लिकेट म्हणजे चोराला आमंत्रण, असं भीमराजांचं पक्कं मत. मग दोघांपैकी एकजण बाहेर गेला की दुसऱ्याने घरात थांबायचं. असा तो कारभार.

रिटायर झालेल्या गेटवाल्याचं करायचं काय, हा मोठाच प्रश्न असतो बघा. भीमराज गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करायला लागले. भाजीवाला वैतागला, कुरिअरवाला वैतागला. शेवटी मुलगी श्रद्धा, जी शहराच्या दुसऱ्या टोकाला माणला आयटी कंपनीत आहे, तिने त्यांना एक छोटासा कॉम्प्युटर आणून दिला. छोटासा म्हणजे किती, तर पत्त्यातल्या पानाएवढा. ना डबा, ना पडदा, नुसती हिरवी पाटी आणि तिच्यावर चिकटवलेले भाग. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. बंदोबस्त कडक पाहिजे, अशी वडिलांची एकच अट होती. तेव्हा तिने त्यात अशी सिस्टीम टाकली की आतल्या प्रत्येक फायलीला, प्रत्येक प्रोग्रामला बिल्ला असतो, आणि कोणत्या बिल्ल्याने कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असतं. हे ऐकून भीमराजांना अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं सांगतो. कस्तुराबाईंना अलीकडे ऐकू कमी येत होतं. कानाचं मशीन घेतलं होतं, पण कुकरची शिट्टी आणि मिक्सर त्यातून डोक्यात घुसतात म्हणून स्वयंपाकघरात त्या ते काढून ठेवायच्या. एका दुपारी भीमराज पिंपरीच्या मंडईत गेलेले असताना श्रद्धा अचानक आली. बेल वाजवली, दार ठोकलं, फोन केला, आतून काही नाही. पोरीच्या मनात नको नको ते आलं. शेजारच्या धनेशने मागच्या बोळातून जाऊन खिडकीतून पाहिलं, तर कस्तुराबाई निवांत शेंगदाणे भाजत होत्या. त्याने खुणावून दार उघडायला लावल्यावर श्रद्धा आईच्या गळ्यात पडून रडली आणि रडून झाल्यावर तिने निर्णयच देऊन टाकला, की आता दोघांनी माणला तिच्या फ्लॅटवर राहायला यायचं.

फ्लॅट बाराव्या मजल्यावर. कस्तुराबाईंचं सगळं जग चिखलीच्या त्या उंबऱ्यापासून विहारापर्यंत. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, पाच-सहा बायका जमायच्या, ऐकू न येणारं हातवाऱ्यांनी भरून निघायचं. तिकडे लिफ्टमध्ये कोण कुणाशी बोलतंय? इथून उपटली तर ही बाई वाळून जाईल, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी लेकीकडे रविवारपर्यंत मुदत मागितली. रविवारी तू बेल वाजव, आणि स्वयंपाकघरात तुझ्या आईला ती कळली नाही तर आम्ही सामान बांधतो, असं कबूल करून बसले.

युक्ती साधी होती. बेलची वायर त्या छोट्या कॉम्प्युटरला जोडायची आणि बेल दाबली की स्वयंपाकघरातल्या लाल दिव्याची उघडझाप करायची. गेटच्या आडव्या दांड्याची वायरिंग करून हात बसलेला होताच. व्हिडिओ बघून बघून त्यांनी प्रोग्रामही जुळवला. हाताने चालू केला तर दिवा झकास लागला. पण चिखलीत वीज जाते आणि येते. ती आली की प्रोग्राम आपोआप चालू व्हायला हवा. नाहीतर रोज भीमराजांनी उठून दिव्याची ड्युटी लावायची काय? म्हणून त्यांनी तो प्रोग्राम आपल्या घरच्या फोल्डरमधून उचलला आणि जिथून कॉम्प्युटर स्वतः प्रोग्राम चालवतो त्या जागी नेऊन ठेवला.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बेल दाबली, दिवा मेल्यासारखा. पडद्यावर उत्तर आलं, परवानगी नाही.

भीमराजांनी चष्मा पुसला. मग मालकाच्या अधिकाराने त्या फायलीला सगळी मुभा देऊन टाकली: कुणीही वाचा, कुणीही चालवा. पुन्हा तेच, परवानगी नाही. अहो, कॉम्प्युटर यांचा, फाईल यांची, पासवर्ड यांचा, आणि मालकालाच गेटवर थांबवून ठेवलंय. दुसऱ्या कुणाचं डोकं सटकलं असतं. यांच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक. मशीन शहाणं आहे, असं ते कस्तुराबाईंना मोठ्याने, दोनदा सांगून आले. कस्तुराबाई म्हणाल्या, शहाणं आहे तर दिवा लावायला सांगा.

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी धनेश डोकावला. धनेश चाकणलाच मेंटेनन्सला. सेन्सरने मशीन अडवलं की त्याला बगल देणारी वायर, म्हणजे जंपर, टाकून लाइन चालू करायची, ही त्याची रोजीरोटी. त्याने नेटवर शोधून लगेच उपाय काढला: एक कमांड मारायची, की बिल्ले तपासणारा आतला पहारा कुणाला अडवत नाही, नुसती नोंद ठेवतो. सगळे हेच करतात काका, असं म्हणाला. भीमराज ताडकन उठले. सगळेच सोडतात हो काका, हे त्यांनी गेटवर जन्मभर ऐकलं होतं. गेटवर बसून कुणालाच न अडवणाऱ्या माणसाने पगार कशाला घ्यायचा, असं त्यांनी त्या पोराला सुनावलं, जणू धनेश लाचच द्यायला आला होता.

पण रविवार उद्यावर आला होता. धनेश गेल्यावर भीमराजांनी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच ती कमांड मारली. कॉम्प्युटरला प्रोग्राम पुन्हा चालू करायला लावला, बेल दाबली. दिवा लखलखला. म्हणजे वायर बरोबर, प्रोग्राम बरोबर, अडवतोय तो पहाराच. एवढं कळल्यावर त्यांनी घाईघाईने पहारा पुन्हा उभा केला आणि तोंडावर पाणी मारून आले. कुणी पाहिलं नव्हतं तरी कानशिलं तापली होती. तसाच चालू ठेवला असता तर काम झालं होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण राहवेना, स्वभावच तो.

मग ते पहाऱ्याची नोंद वाचायला बसले. एवढी मोठी इंग्रजी ओळ, अर्धी अगम्य. पण आलं कोण, अडलं कुठे, बिल्ला कोणता, अशी ओळ वाचायची त्यांना सवय होतीच. बिल्ल्याच्या जागी शब्द दिसला: होम. प्रोग्राम जणू कंपनीच्या जागेत जाऊन बसला होता, पण त्याच्या छातीवर बिल्ला अजून घरचाच होता. आणि घरचं माणूस कंपनीत कामाला घ्यायचं नाही, असा आतला नियम.

घरचा बिल्ला राहिला कसा, हे शोधताना भीमराजांना घाम फुटला. व्हिडिओतली माणसं अशा वेळी फाईल कॉपी करतात. कॉपी केली की ती नव्या जागेत नवी म्हणून भरती होते आणि त्या जागेचा बिल्ला घेते. यांनी कॉपी केलीच नव्हती. कॉपी म्हणजे डुप्लिकेट! यांनी मूळ फाईलच उचलून नेली होती, आणि उचलून नेलेली फाईल जुना बिल्ला घेऊनच जाते. कंपनीत प्रेस शॉप खात्यातला माणूस पेंट शॉप खात्यात बदलून गेला आणि टाइम ऑफिसात बिल्ला बदलायला विसरला, तसं. असली माणसं यांनीच किती वेळा परत पाठवली होती.

इलाज एका ओळीचा निघाला: जिथे बसलायस तिथला बिल्ला लाव, एवढंच त्या फायलीला सांगायचं. सांगितलं. पहारा जागा ठेवून कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, बेल दाबली. लाल दिवा लागला.

भीमराज धावतच स्वयंपाकघरात गेले. कस्तुराबाई भाकरी थापत होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून, हातवारे करत, त्यांनी सगळा किस्सा रंगवून सांगितला. घरचं माणूस म्हणून अडवत होतं बघ, नियम म्हणजे नियम, असं म्हणून ते हसायला लागले. कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "मलाबी असंच उभं केलं होतं तुमी. तुमच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आले होते चाकणला. घरच्या लोकाला आत परवानगी न्हाई म्हणून उन्हात ठिवलं. मालकाला खुर्ची दिली होती, मला न्हाई."

भीमराजांना तो दिवस आठवत होता. आठवत होता म्हणजे काय, हा किस्सा ते चार लोकांत अभिमानाने सांगायचे, बायकोलाही सोडलं नाही म्हणून. बाई दोन बस बदलून आली होती, हे त्या किश्श्यात कधी नसायचं. आज पहिल्यांदा त्यांना त्याची लाज वाटली. त्यांनी स्टूल ओढलं आणि बायकोच्या मागे ठेवलं. कस्तुराबाई म्हणाल्या, आता भाकरी करपंल, आणि उभ्याच राहिल्या.

रविवारी श्रद्धा आली. भीमराज आतल्या खोलीत जाऊन बसले. बेल दाबली गेली, स्वयंपाकघरात लाल दिवा उघडझाप करायला लागला. कस्तुराबाईंनी हात पुसले, दार उघडलं. श्रद्धाने आणखी दोनदा बाहेर जाऊन बेल दाबून पाहिली, मेन स्विच बंद करून चालू केला, पुन्हा दाबली. दरवेळी दिवा. पहारा बंद केलाय का, हेही पोरीने तपासलं. बापाची लेक ती. सगळं जागच्या जागी. मग ती वडिलांकडे वळली आणि म्हणाली, ठीक आहे पप्पा, तुम्ही जिंकलात, राहा इथेच. भीमराजांची छाती फुगली. बाप-लेकीचं ठरलं, दोघांनी चहा मागितला.

कस्तुराबाईंनी तोवर कानाचं मशीन परत लावलं होतं. चहा ठेवायला त्या उठल्या नाहीत.

"दिवा लागला म्हणून मी हितं राहणार, व्हय?" त्या म्हणाल्या. "नसता लागला तरी मी हलले नसते. माझं घर हाय हे."

भीमराज म्हणाले, "मग आधी सांगायचं की गं. मी चार दिवस डोकं फोडून घेतलं."

"विचारलं कुणी?" कस्तुराबाई म्हणाल्या. "ऐकू कमी येतंय मला. बोलता येतंय की अजून."

श्रद्धाने आईचा हात हातात घेतला आणि, आई, तुला काय पाहिजे, असं सरळ विचारलं. कस्तुराबाईंनीही सरळ सांगितलं: वाटेल तेव्हा माणला येईन, आठ दिवस राहीन, कंटाळा आला की परत येईन. भीमराज मान डोलवत राहिले. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहासाठी आधण ठेवलं. साखर कुठल्या डब्यात असते, हे त्यांना विचारूनच घ्यावं लागलं.