टेकडी ते वेस

गेल्या चैत्रातल्या जत्रेपासून आमच्या गावात माझ्याविषयी एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. डॉक्टरच्या औषधाने भाजलेल्या पायाने म्हातारा अख्खी शर्यत धावला, अशी ती गोष्ट. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु चांगल्या हेतूने सांगितलेले खोटे हे खोटेच असते, आणि ज्याच्याविषयी ते सांगितले जाते त्याला ते तपासून घेण्याचा अधिकार असतो.

प्रथम डॉक्टरविषयी. तिचा काहीही दोष नव्हता. शर्यतीच्या पाच दिवस आधी भिंगारला आमच्या घराजवळच्या मैदानावर मी सकाळच्या फेऱ्या मारत होतो. अचानक उजव्या पोटरीवर कोणीतरी मागून दगड भिरकावला असे वाटले. मी वळून शिवी दिली. मागे कोणीही नव्हते. पुढचे पाऊल टाकले आणि मातीत बसलो.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची होती. पोटरी दाबून ती म्हणाली, "आजोबा, स्नायूला चीर गेलीय. तीन आठवडे पळायचं नाही."

"शर्यत रविवारी आहे."

"मग पुढच्या वर्षी पळा की."

"पुढच्या वर्षीची हमी तेवढी चिठ्ठीवर लिहून द्या."

ती हसली. मी विनोद केलेला नव्हता. माझे वय बहात्तर आहे आणि मी त्या रविवारची वाट पन्नासहून अधिक वर्षे पाहत आलो होतो.

ते कसे, हे सांगणे भाग आहे. जत्रेतली आमची शर्यत वेशीपासून सुटते. टेकडीवर पंचांचा माणूस कपाळाला गुलाल लावतो, आणि मग दुसऱ्या अंगाच्या गाडीवाटेने वेशीकडे परतायचे असते. ही गाडीवाट ओढ्याच्या काठाने मोठा वळसा घेते. ओढ्यातून आडवे गेले की निम्मे अंतर वाचते. म्हणूनच ओढ्यात उतरायचे नाही, हा शर्यतीचा एकमेव नियम. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी वेशीला पहिला पोहोचलो. आमच्या वस्तीतून त्या शर्यतीत उतरलेला मी पहिलाच मुलगा होतो. दुसरा आलेला गडी माझ्याच वयाचा, वेशीलगतच्या घरातला. धापा टाकत तो पंचांना म्हणाला, "ह्यो वढ्यातनं आला." पुरावा काय, तर माझ्या टाचेत मोडलेला बाभळीचा काटा. जणू बाभळीने ओढ्याबाहेर उगवू नये असा पंचायतीचा ठराव झाला होता! पंचांनी फारसा विचार केला नाही. जिंकणाऱ्याचा फेटा त्याला बांधला. मी गाव सोडले, भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो, तिथेच निवृत्त झालो. गावी लग्नाला गेलो काय किंवा मातीला गेलो काय, कोणीतरी विचारणारच, "काय, कुठल्या वाटेनं आलात? वढ्याच्या का?"

मी रस्त्याने आलो होतो. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारले असेन, याची मोजदाद नाही.

गेल्या वर्षी गावच्या पोरांनी साठीच्या पुढच्यांसाठी वेगळी शर्यत जाहीर केली. तीच वेस, तीच टेकडी, तीच वाट. म्हणून मी चार महिने मैदानावर फेऱ्या मारल्या. आणि पाच दिवस उरले असताना माझी पोटरी फाटली होती.

बिब्बा लावण्याची कल्पना माझी. गावातले काही शहाणे म्हणतात की ती बायकोची. ते साफ खोटे आहे. तिने पहिल्यापासून विरोध केला.

"अवं, बिब्बा उततो. अंगावर फोड उठत्यात," ती म्हणाली.

"माझ्या वडिलांनी सगळं आयुष्य पायाला बिब्बा लावला. त्यांना नाही उतला."

"त्यांनी टाचंला लावला. टाच म्हंजी दगड. ही पोटरी हाय."

ती खरे बोलत होती; पण मला त्या आठवड्यात खरे बोलणारी माणसे नको होती. बिब्बा सुईला टोचून मी दिव्यावर धरला, सुटलेल्या काळ्या तेलाचे सात ठिपके पोटरीवर दिले आणि वर, इथेच खरी चूक झाली, डॉक्टरिणीने दिलेली ताणाची पट्टी घट्ट गुंडाळली. दोन्ही उपायांचे बळ एकत्र करावे, असा माझा विचार. रात्रभरात पट्टीने ते तेल पोटरीभर पसरवले. सकाळी पट्टी सोडली तेव्हा सात ठिपक्यांच्या जागी तळहाताएवढे फोड उठले होते. तेव्हा दोष ना डॉक्टरचा, ना बिब्ब्याचा. स्वतःच्याच शर्यतीत बिब्बा घातला, असे लोक म्हणतात. म्हणोत. एवढ्यापुरते ते बरोबर आहेत.

पुढचे दोन दिवस मी पलंगावर पडून छताकडे पाहत होतो. पाय टेकवला की आतून चीर ओढली जाई आणि वरून कातडे जळे. मी वेदनेला भीत नव्हतो. भीती वेगळीच होती. मी गेलो नाही, तर वेशीवर काय बोलले जाईल, ते मला शब्दशः ठाऊक होते. शनिवारी सकाळी बायकोने फोडांवर खोबरेल लावले आणि न विचारताच माझी पिशवी भरली.

रविवारी वेशीवर मांडव होता, आणि मांडवात पाहुण्यांच्या खुर्चीवर तोच तो, फेटा नेलेला गडी. आता त्याच्या हाती काठी आहे. माझा पाय पाहून तो मोठ्याने म्हणाला, "आरं गड्या, पाय तर भाजूनच आनलास की! औंदाबी वढ्यातनंच का?"

मांडव हसला.

"तू इथंच बसून राहा," मी म्हणालो. "मी येईपर्यंत उठू नकोस."

टेकडी मी चढलो. धावलो असे म्हणवणार नाही. पाय ओढत, दर शंभर पावलांना थांबत चढलो. शर्यतीत माझ्याखेरीज तिघेच म्हातारे होते, ते केव्हाच पुढे निघून गेले होते. गुलाल लावणारा माणूस सामान आवरत होता, त्याने माझ्यासाठी पुडी पुन्हा सोडली. उतारावर फोड फुटले आणि पट्टी ओली झाली. मागून मोटारसायकलवर दोन पोरे आली. "आजोबा, बसा गाडीवर. वेशीपर्यंत सोडतो, कुनाला न्हाई सांगत."

"मी गाडीवर बसायला आलेलो नाही," मी म्हणालो. ते दोघे पुढे गेले आणि हे वाक्य त्यांनी माझ्या आधी वेशीला पोहोचवले. इथपर्यंत गावाची गोष्ट खरी आहे.

यापुढे नाही.

गाडीवाट जिथून वळसा घेते, तिथे मी बाभळीला धरून उभा राहिलो. वेशीवरचा भोंगा इथे ऐकू येतो. त्यावरून जेवणाची पंगत पुकारली जात होती. ऊन डोक्यावर आले होते. वळसा घालून जायला मला तास लागला असता. तोवर मांडव मोकळा झाला असता, तो गडी खुर्चीवरून उठून घरी गेला असता, आणि मी रस्त्याने आलो हे पाहायला, पन्नास वर्षांपूर्वीसारखेच, कोणी उरले नसते. कोणी पाहिले नाही तर आलो काय आणि न आलो काय! असा विचार करत मी उभा होतो, आणि विचार संपण्यापूर्वीच मी ओढ्यात उतरलो होतो. वाळू भाजत होती. मी हातापायांवर पलीकडचा काठ चढलो.

वेशीवर शिट्ट्या वाजल्या. कोणी पाणी दिले, कोणी खांद्याला धरले. तो गडी काठी टेकत उठला आणि त्याने ध्वनिक्षेपक हाती घेतला. "मंडळी, तरुनपनी म्या पंचांस्नी बोल्लो हुतो, ह्यो वढ्यातनं आला म्हनून. म्या काय डोळ्यांनी बघितलं न्हवतं. आज ह्यो जळक्या पायानं गाडीवर बसला न्हाई, समद्या रस्त्यानं आला. तवाबी रस्त्यानंच आला आसंल. माजं चुकलं." मग त्याने स्वतःच्या हाताने मला फेटा बांधला. मी बोलायला तोंड उघडले. आत्ता खरे सांगितले तर तेव्हाचे खरे कायमचे बुडेल, हे मला त्या क्षणी लख्ख दिसले. मी तोंड मिटले. ओढ्यात माझ्या बुटातून टाचेत घुसलेल्या काट्याकडे या वेळी कोणीही पाहिले नाही.

पाहिले ते बायकोने. भिंगारला परतल्यावर तिने माझा पाय मांडीवर घेऊन सुईने तो काटा काढला आणि उजेडात धरला.

"ह्यो येड्या बाभळीचा. असलं झाड वढ्यातच हाय. तुमी तर गाडीवाटंनं आलाव ना?"

"ओढ्यातून आलो."

तिने काटा कागदात गुंडाळला. मग विचारले, "आन् तवा?"

"तेव्हा रस्त्याने आलो होतो."

लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली. जगात माझ्या या वाक्यावर तोवर कधीही प्रश्न न विचारलेली ती एकटी. तिने सुई पदराला पुसली, डबीत ठेवली, डबीचे झाकण लावले.

"बरं," ती म्हणाली.

मी लोकांशी जन्मभर भांडलो. त्या एका शब्दाशी मात्र भांडता येईना. म्हणून हे लिहून काढले आणि आधी तिला वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर ती उठली, कपाटातून फेटा काढला आणि घडी घालून माझ्यासमोर ठेवला. "गावाला मीबी येते," म्हणाली. "त्या मान्साम्होरं वाचा."